दूताचा आवाज आणि सभासदाचा आवाज : लोकनायक बापूजी अणे यांच्या निमित्ताने

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यान ऐकायचं आणि ते उतरवून घ्यायचं, ही रीत आपल्या खानदेशाला नवी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. गुरुजींची लेखणी नसती तर ती प्रवचनं त्या भिंतींच्या आतच राहिली असती. माझं आजचं बोलणं त्या पंगतीतलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याचं बोलणं प्रामाणिकपणे पोचवणं, त्यात आपलं मीठ-मसाला न घालणं, हा मोठा गुण आहे आणि माझा आजचा विषय त्या गुणापासूनच सुरू होतो.

विषय असा, की जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने बोलला, त्याला पुढे स्वतःचा आवाज उरतो का? राजदूत सरकारचं म्हणणं मांडतो. उद्या तोच माणूस संसदेत जाऊन बसला, तर तिथे तो कोणाचं म्हणणं मांडणार?

हा प्रश्न मला सुचला तो एका यादीवरून. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चार जणांची नेमणूक केली. त्यात आपल्या जळगावचे ॲडव्होकेट उज्ज्वल निकम होते, म्हणून आपण सगळ्यांनी ती बातमी वाचली. त्याच यादीत आणखी एक नाव होतं, हर्षवर्धन शृंगला. हे परराष्ट्र सचिव होते, त्याआधी अमेरिकेत आपले राजदूत होते. एक वकील, एक राजदूत. गंमत बघा, दोघांचाही धंदा दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा! सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो, राजदूतही सरकारचीच मांडतो. आणि आता दोघंही अशा सभागृहात, जिथे सरकारला प्रश्न विचारायचे असतात.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅनडात पीटर बोएम नावाचे गृहस्थ आहेत. ते जर्मनीत कॅनडाचे राजदूत होते. २०१८ साली जी-सात देशांची परिषद कॅनडात झाली, तिची पूर्वतयारी पंतप्रधानांच्या वतीने त्यांनी सांभाळली आणि त्याच वर्षी ते सिनेटर झाले. कॅनडाचं सिनेट म्हणजे १०५ जणांचं सभागृह. तिथे निवडणूक नाही. पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल नेमणूक करतात आणि वयाच्या ७५ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. आपल्या घटनेने मात्र राज्यसभेत नेमणुकीच्या जागा फक्त १२ ठेवल्या, बाकीच्या निवडून यायच्या. त्या बारांमध्येही मुत्सद्दी पूर्वीपासून आहेत. चीन, इजिप्त आणि फ्रान्समध्ये राजदूत राहिलेले सरदार के. एम. पणिक्कर १९५९ साली राज्यसभेवर नेमले गेले होते.

पण मला आज बोलायचं आहे ते आपल्या शेजारच्या माणसाबद्दल. भुसावळहून गाडी निघाली, मलकापूर आलं, की वऱ्हाड लागतं. त्याच्याही पुढे, यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. तिथे २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. लोक त्यांना बापूजी म्हणत, लोकनायक म्हणत. नव्या पिढीला नाव ऐकून माहीत असतं, रस्त्याच्या पाटीवर वाचलेलं असतं. माणूस माहीत नसतो.

अण्यांचा प्रवास थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अमरावतीला काही वर्षं शिक्षकी केली, मग यवतमाळला वकिली. टिळकांचे कट्टर अनुयायी. १९२८ च्या नेहरू अहवालाच्या समितीत ते होते. जुलै १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह झाला, त्याचे ते पुढारी. जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसशी मतभेद झाले, तेव्हा मालवीयजींबरोबर वेगळा पक्ष काढला. मध्यवर्ती कायदेमंडळात अनेक वर्षं सभासद. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४३ ते १९४७ सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. आणि मग, ज्या वयात माणसं नातवंडांना गोष्टी सांगत बसतात त्या वयात, १९५९ साली नागपूरच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले. १९६२ ला पुन्हा निवडून आले. दोन्ही वेळा अपक्ष.

सभासद, मंत्र्यासारखं पद, दूत, राज्यपाल आणि पुन्हा सभासद. या प्रत्येक खुर्चीवरून माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. म्हणून अभ्यासाला हे उदाहरण फार चांगलं.

आता जरा शास्त्राकडे वळू. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला एवढी सूट द्या.

कौटिल्याने दूताचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला निसृष्टार्थ. याच्यावर सगळं सोपवलेलं असतं, वाटाघाटी कशा करायच्या ते त्याने ठरवायचं. त्याच्याकडे अमात्याचे सगळे गुण हवेत. दुसरा परिमितार्थ. याला मर्यादा आखून दिलेली, गुण पाव हिश्शाने कमी असले तरी चालतील. तिसरा शासनहर. हा फक्त हुकूम पोचवणारा, याला निम्मे गुण पुरेत. आजच्या भाषेत, पहिला पूर्ण अधिकाराचा राजदूत आणि शेवटचा म्हणजे टपाल.

कौटिल्याचं वर्गीकरण फार नेटकं आहे, पण ते राजाच्या बाजूने केलेलं आहे. दूतावर किती सोपवायचं, हा राजाचा प्रश्न. दूताने स्वतःच्या विवेकाचं काय करायचं, याचं उत्तर त्यात सापडत नाही. ते महाभारतात सापडतं.

उद्योगपर्वात शिष्टाई म्हटली की आपल्याला श्रीकृष्ण आठवतो. मला मात्र त्याच्या आधीचा संजय जास्त शिकवून जातो. धृतराष्ट्राने संजयाला पांडवांकडे पाठवलं. निरोप काय? तर शांतता ठेवा. राज्य देतो असा शब्द त्यात नाही, नुसती शांतता ठेवा! संजयाला त्यातला खोटेपणा कळत नव्हता का? चांगला कळत होता. तरी त्याने निरोप जसाच्या तसा मांडला. पांडवांसमोर ‘राजा तसाच आहे हो, काय करणार’ असं म्हणून स्वतःचा चांगुलपणा मिरवला नाही. पण परत आल्यावर, त्याच रात्री, त्याने धृतराष्ट्राला तोंडावर सुनावलं, की हे जे चाललंय ते पाप आहे आणि याची निंदा तुमच्या वाट्याला येणार.

इथे मला दूताच्या नीतीचा गाभा दिसतो. ज्याच्याकडे पाठवलं, त्याच्यापुढे दूताने पाठवणाऱ्याचा आवाज व्हायचं. आणि ज्याने पाठवलं, त्याच्यापुढे स्वतःचा आवाज वापरायचा. बहुतेक माणसं नेमकं उलटं करतात. बाहेर कुरकुर करतात आणि आत साहेबासमोर मान डोलावतात.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणालो तर खोटं होईल. माझी नोकरीची पहिली-दुसरी वर्षं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण नाही. विद्यार्थ्यांनी फी-वाढीवरून संप केला होता. प्राचार्यांनी मला बोलावलं, म्हणाले, ‘तुमचं पोरांशी जमतं, तुम्ही जाऊन सांगा, उद्यापासून वर्गात बसले नाहीत तर परीक्षेचे फॉर्म घेणार नाही.’ मला ते पटलेलं नव्हतं. तरी गेलो, सांगितलं. समोर बसलेला एक मुलगा उठला आणि अहिराणीत म्हणाला, ‘सर, हाई तुमनं म्हननं शे का सायेबनं?’ म्हणजे, हे तुमचं म्हणणं की साहेबांचं?

मी काय केलं? हसलो, खांदे उडवले, म्हणालो, ‘अरे, मी काय, निरोप्या.’ पोरं हसली. मी लोकप्रिय झालो. पण संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘काय वाटतं तुम्हाला, धोरण बरोबर आहे ना?’ आणि मी म्हणालो, ‘हो सर.’

चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्या ‘हो सर’ची लाज अजून गेलेली नाही. संजयाच्या दोन्ही परीक्षांत मी एकाच दिवसात नापास झालो होतो.

म्हणून अण्यांकडे बघताना मी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून बघत नाही. पण प्रश्न विचारायला हवेत, ते विचारतो.

१९४१ साली अणे व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, तेव्हा त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं आलं. दक्षिण आफ्रिका, सिलोन, ब्रह्मदेश. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि लाखो हिंदी माणसं पायी, डोंगर-जंगलातून, आसामकडे निघाली. त्यांचा प्रश्न या खात्याकडे होता. काम महत्त्वाचं होतं, यात शंका नाही. अण्यांचा मार्गच प्रतियोगी सहकारितेचा होता. सरकारचं जे बरं असेल त्याला हात द्यायचा, वाईट असेल तिथे आडवं व्हायचं. आत राहून करता येईल तेवढं करू, हा त्यामागचा विचार.

पण मग ऑगस्ट १९४२ आला. गांधीजी आणि सगळे नेते तुरुंगात गेले. अणे मंडळात राहिले. चिमूरला, म्हणजे त्यांच्याच विदर्भात, उठाव झाला, अधिकारी मारले गेले. त्यानंतर लष्कर आणि पोलीस गावात शिरले आणि गावकऱ्यांवर, विशेषतः बायकांवर, अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सेवाग्राम आश्रमातले प्रोफेसर भन्साळी दिल्लीला गेले ते सरळ अण्यांच्या दारात. मागणी एवढीच, की चौकशी करा. चौकशी मिळाली नाही. भन्साळींनी तिथेच उपोषण सुरू केलं. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडलं. त्यांचा उपवास पुढे ६३ दिवस चालला.

हा प्रसंग मी गाळू शकलो असतो. मोठ्या माणसांवर बोलताना आपल्याकडे असे प्रसंग गाळायची पद्धत आहे. पण मग अण्यांचा पुढचा निर्णय कळत नाही.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि बापूजी अणे. आता कोणी म्हणेल, सहा महिने उशीर झाला. मीही म्हणतो, झाला. चिमूरच्या वेळी तो शब्द निघायला हवा होता. पण ‘उशीर झाला’ आणि ‘निघालाच नाही’ यात फरक आहे. आत राहून काम करणाऱ्या माणसाला एक हद्द मनाशी आखून ठेवावी लागते. इथपर्यंत तुमचा आवाज माझ्या तोंडून निघेल, याच्यापुढे नाही. ज्याची हद्दच ठरलेली नसते, त्याला ती ओलांडल्याचं कळतसुद्धा नाही.

आणि गंमत म्हणजे, त्याच वर्षी त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून अणे कोलंबोला गेले.

सिलोनचा प्रश्न काय होता? एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांसाठी तिरुची, मदुरा, रामनाथपुरम, तिरुनेलवेली या भागांतून तमिळ मजूर तिकडे नेले गेले. टोळीचा मुकादम असायचा, त्याला कंगाणी म्हणत. आपल्याकडे ऊसतोडीला जसा मुकादम असतो ना, उचल देणारा, टोळी जमवणारा, साधारण तसाच. दोन-तीन पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच मेल्या. १९३१ साली सिलोनमध्ये प्रौढ मतदान आलं, पण या मजुरांच्या मतावर वास्तव्याच्या अटी घातल्या गेल्या. १९३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने तिकडे नवे मजूर पाठवणं बंद केलं. अणे गेले तेव्हा खरा वाद होता तो हा, की ही माणसं कोणाची?

इथे दूताच्या आवाजाचा गुंता बघा. अणे कोणाचे प्रतिनिधी? हिंदुस्थान सरकारचे. ते सरकार कोणाचं? इंग्रजांचं. आणि ते कोणासाठी बोलत होते? मळ्यावरच्या मजुरांसाठी. या मजुरांनी ना ते सरकार निवडलं होतं, ना अण्यांना. कौटिल्याच्या चौकटीत राजा आणि दूत, दोघेच. इथे तिसरा आला. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, तो. आणि तोच खोलीच्या बाहेर उभा.

पुढचा इतिहास कठोर आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. मळ्यावरची बहुतेक माणसं कोणत्याच देशाची उरली नाहीत. १९४९ मध्ये मतही गेलं. अणे तेव्हा पाटण्याच्या राजभवनात होते. राज्यपालाचा आवाज तर आणखी बांधलेला!

मग ३० ऑक्टोबर १९६४. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. एकूण ९ लाख ७५ हजार माणसं धरली. त्यातली ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने, उरलेली दीड लाख पुढे बघू. १९७४ मध्ये ती दीड लाखही निम्मी-निम्मी वाटून घेतली. दोन्ही सरकारांच्या दूतांनी आपापलं काम चोख केलं. फक्त मळ्यावरच्या बाईला कोणी विचारलं नाही, की बाई, तुला कुठे राहायचंय? श्रीलंकेत राहिलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न कायद्याने मिटायला २००३ साल उजाडलं.

१९६४ ला अणे लोकसभेत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. एकेकाळी या माणसांच्या वतीने कोलंबोत बोललेला माणूस आता त्या बाकावर बसलेला, जिथून पाठवणाऱ्या सरकारला जाब विचारता येतो. अण्यांचा निकाल लावायला मी हे सांगत नाही. मला ती खुर्ची तुम्हाला दाखवायची आहे. संजय परत आल्यावर ज्या जागी उभा राहिला, ती जागा आपल्या राज्यव्यवस्थेत संसदेने दिली आहे. निवृत्त राजदूताला सभागृहात पाठवायचं ते शोभेसाठी नव्हे. बंद दाराआड माणसांच्या आयुष्याचे आकडे कसे ठरतात हे त्याने पाहिलेलं असतं आणि आता त्याच्यावर कोणाची सही-शिक्क्याची आज्ञा नसते, म्हणून.

अण्यांनी लोकसभेत स्वतःचा आवाज वापरला तो विदर्भासाठी. वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर ते उभे राहिले आणि नागपूरकरांनी त्यांना दोनदा निवडून दिलं. आपण खानदेशातले लोक संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. त्यांची भूमिका आपल्याला पटायलाच हवी असं नाही, मलाही पटत नाही. पण व्हाइसरॉयचं मंडळ, दूतावास, राजभवन, एवढं सगळं भोगलेला माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर, पक्षाशिवाय, मतं मागायला दारोदार जातो. का? नेमलेल्या आवाजाने त्याचं समाधान झालं नव्हतं, असं मला वाटतं. पुढे २०१६ साली त्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना वेगळ्या राज्यांबद्दल स्वतःचं मत बोलले, वादळ उठलं आणि त्यांनी पद सोडलं. सरकारचा वकील आणि स्वतःचं मत, तोच पेच पुन्हा त्याच घरात.

बापूजी २६ जानेवारी १९६८ ला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी संस्कृतात टिळकांचं महाकाव्य लिहून ठेवलं होतं, ‘तिलकयशोऽर्णवः’. त्याला मरणोत्तर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतक्या खुर्च्यांवरून इतक्यांच्या वतीने बोलून झाल्यावर शेवटी स्वतःच्या गुरूबद्दल, स्वतःच्या आवडीच्या भाषेत, कोणाची परवानगी न घेता लिहिलं.

आता शेवटचं, आणि ते आपल्यापुरतं. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारकडून, चाळीसगावकडून किती गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात, गुजरातेत जातात. मत गावात, पोट परमुलखात. त्यांच्या वतीने ग्रामपंचायतीत, कारखान्यावर, विधानसभेत कोणीतरी बोलतच असतं. मुकादम बोलतो, पुढारी बोलतो, आमच्यासारखे प्राध्यापकही बोलतात. आपण त्या माणसांना विचारून बोलतो का? आणि ज्यांनी आपल्याला पाठवलं, त्यांच्यासमोर गेल्यावर आपल्या तोंडून काय निघतं?

माझ्या तोंडून ‘हो सर’ निघालं होतं. त्या पोराने विचारलं ते बरोबर होतं. प्रत्येक वेळी बोलायला उभं राहण्याआधी तो प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा, ‘हाई कोननं म्हननं शे?’